बुधवारी बोट पुढं करायचं

आमच्या रिपोर्टला चौदा रकाने आहेत. किती बायकांना भेटलात, किती जणींची तपासणी झाली, किती पाकिटं वाटली, असे. घडतं त्यातलं निम्मं ह्या चौदांत बसत नाही, आणि जे बसत नाही ते माझ्याकडं साचत जातं. अकरा वर्षं झाली साचतंय. घरी सगळं सांगायची सोय नाही, ऑफिसात ऐकायला कुणाला वेळ नाही, म्हणून कुणी चहा पाजला की मी बोलत सुटते. आता तुम्ही पाजलाय, भोगा!

मी कौन्सेलर. नळदुर्ग ते जळकोट ह्या हायवेच्या पट्ट्यात, धाब्यांच्या मागच्या वस्त्यांत ज्या बायका धंदा करतात, त्यांना एचआयव्ही होऊ नये आणि झालाच तर औषध वेळेवर सुरू व्हावं, एवढंच माझं काम. घर मुरुमला. नवरा शाळेत मास्तर. नातेवाइकांत मी 'आरोग्य खात्यात' आहे. कुठल्या आरोग्याच्या, ते कुणी विचारत नाही.

माझ्या हाताखाली मालनआक्का आहेत. नको, हाताखाली म्हटलेलं कळलं तर मला उभं सोलतील. माझ्याबरोबर मालनआक्का आहेत. वय पंचावन्न, त्यांच्या मते पन्नास. लहानपणी देवीला सोडलेल्या, पुढं धंद्यात आलेल्या, आता प्रोजेक्टच्या पिअर एज्युकेटर. म्हणजे बायकांमधलीच एक बाई, जी बाकीच्यांना समजावते. आक्का समजावत नाहीत, हुकूम सोडतात. आणि तिसरे शेख सर, लॅब टेक्निशियन. नळदुर्गचेच. रक्त काढताना त्यांचा हात तसूभर हलत नाही, पण बायकांनी चेष्टा केली की कान लालभडक होतात. बायका चेष्टा करतातच.

आज सांगते ते सगळे किस्से संगी पोटुशी होती त्या वर्षीचे. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. संगी चोवीसची. तिसरा महिना लागल्यापासून मी तिच्या मागं होते, बाई गं, एकदा रक्त तपासून घे. असलंच काही तर गोळ्या सुरू करता येतात, पोटातलं लेकरू वाचवता येतं. उशीर झाला तर मी नुसती बघत बसणार. संगीला हे सगळं तोंडपाठ होतं. माझं एखादं वाक्य राहिलं तर तीच पुरं करायची. बोट मात्र पुढं करायची नाही, आणि का, ते सांगायची नाही.

*

पुण्याहून एक ट्रेनर आले होते. तरुण माणूस, कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र. विषय होता, गिऱ्हाइकाला पाकिटासाठी राजी कसं करायचं. कंडोमला आमच्याकडं पाकीटच म्हणतात.

ट्रेनर म्हणाले, "आपण छोटंसं नाटक करू. मी गिऱ्हाईक. मालनताई, तुम्ही मला समजवा."

बाहेर गेले आणि झुलत झुलत आत आले. अभिनय बरा होता.

"कुठनं आलास?" आक्का म्हणाल्या.

"हैदराबादहून. ट्रक आहे माझा."

"पिलायस."

"थोडीशी."

"जा माघारी. नळ तिकडं हाय. तोंड धू, बाजंवर पड. उतरल्यावर ये."

ट्रेनर थांबले. "ताई, तुम्ही माझ्याशी कंडोमबद्दल बोलायचंय ना."

"पिलेल्या माणसाशी काय बोलायचं? तुला काय कळणार हाय?"

"ताई, मी खरंच प्यायलेलो नाहीये!"

"समदे असंच म्हणतेत."

बायकांनी पदर तोंडाला लावले. संगी तर भिंतीला टेकून, एक हात पोटाखाली धरून हसत होती. शेवटी ट्रेनर खरोखर नळावर गेले आणि तोंड धुऊन आले. मग आक्कांनी त्यांना समोर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं समजावणं एका दमात उरकलं.

"घरी बायकू हाय?"

"आहे."

"मग तिच्यासाठी घाल. माझं राहू दे."

ट्रेनरनी ते वहीत लिहून घेतलं. जेवताना माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माझं लग्न व्हायचंय अजून. पण त्यांनी अशा आवाजात विचारलं की मी हो म्हणून गेलो."

*

हायवेवर आण्णांचा धाबा आहे. आण्णा हे कानडी बोलणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्याकडं आम्ही पाकिटांचा डबा ठेवला होता. वरून आलेल्या सूचनेप्रमाणं डबा संडासाजवळच्या भिंतीला, आणि त्याच्यावर पोस्टर. पोस्टरवर कवटी, कवटीखाली दोन हाडं, आणि लाल अक्षरांत 'सावधान'.

तीन महिने डबा भरलेला. ड्रायव्हर लोक त्या भिंतीकडं तोंडसुद्धा करत नव्हते. मी आण्णांवर चिडले. म्हटलं, "आण्णा, तुम्ही लोकांना सांगत नाही."

आण्णा गल्ल्यावरून उठले, पोस्टरपर्यंत गेले, त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, कवटीच्या हातनं कोण काय घेतंय वो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता डबा उचलला आणि गल्ल्यावर ठेवला, बडीशेप-खडीसाखरेच्या ताटलीच्या शेजारी. कवटी काढून टाकली. माणूस जेवतो, हात धुतो, चिमूटभर बडीशेप घेतो, त्याच हातानं पाकीट घेतो आणि जातो. कुणी कुणाकडं बघत नाही. आठ दिवसांत डबा रिकामा. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'जागेत बदल केला.'

अडचण एकच झाली. एक म्हातारे शेतकरी, धोतर-टोपीतले, बाजारातून परतताना आण्णांकडं जेवले. बडीशेपेसारखंच हेही फुकटचं काहीतरी दिसलं, म्हणून घेऊन गेले. अर्ध्या तासानं वाट वाकडी करून परत आले. फोडलेलं पाकीट गल्ल्यावर ठेवलं. राग नव्हता. मालाबद्दल दुकानदाराला सांगावं तशा आवाजात म्हणाले,

"आण्णा, ही बडीशेप लई चिवट हाय. दुसरीकडनं आणत जावा."

*

तपासणी शिबिराचं पत्र आलं. तारीख वरच्या ऑफिसानं ठरवलेली. बघितलं तर नवरात्रातला मंगळवार!

आता तुळजापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. नवरात्रात आमच्या बायका पायांत चप्पल घालत नाहीत, घरात घट असतो, नऊ दिवस उपास. त्यातून मंगळवार म्हणजे देवीचा वार. त्या दिवशी ह्यांचं रक्त काढायचं, असं पत्रात होतं. मी फोन केला, तारीख बदला म्हटलं. म्हणाले, "मॅडम, आजार वार बघून येतो का?"

मी आणि शेख सर दिवसभर टेबल मांडून बसलो. एकही बाई आली नाही. दुपारी मात्र सात घरांतून साबुदाण्याची खिचडी आली. शेख सरांनी सगळी चाखली आणि कुठली जास्त चांगली ते सांगायला नकार दिला.

मी पर्यायी तारीख मागितली. ऑफिसानं दिली. शुक्रवार. तोही देवीचाच वार!

मग आक्कांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "मंगळवार-शुक्रवार देवीचे, सोडा. सोमवार म्हादेवाचा, उपाशी पोटी रक्त द्यायचं व्हय? गुरवार दत्ताचा. शनवारी सुई टोचून घ्यायची न्हाय, शनी हाय. रईवारी गिऱ्हाइकं असत्यात, कोण येतंय."

"मग उरला बुधवार. बुधवारी कुठला देव?"

"बुधवारी कुणी न्हाय. बुधवार सरकारचा."

तेव्हापासून आमची तपासणी बुधवारी. शेख सरांनी रमजानपुरती एक दुरुस्ती सुचवली, की सकाळी लवकर सुरू करू, उपाशीपोटी त्यांनाच भोवळ आली तर बायकांचं रक्त कोण काढणार. आक्कांनी ती मंजूर केली. पुढं रांगा लागायला लागल्या. 'आज बुधवार, बोट पुढं करायचं' असं बायका एकमेकींना सांगायच्या.

*

संगी दर बुधवारी यायची. रांग तीच लावायची. "ए, पुढं सरक. तुला काय सुई खाती का?" असं म्हणून घाबरणाऱ्या बायकांना दंडाला धरून आणायची. एका बुधवारी तर तिनं लांबच्या वस्तीवरच्या चार नव्या बायका आणल्या. आणि तिचा नंबर आला की संगी गायब.

पहिल्या बुधवारी म्हणाली, पीठ मळून ठेवलंय. दुसऱ्या बुधवारी म्हणाली, माझा जन्म बुधवारचा, आपल्या वाराला रक्त देत नसतेत. तिसऱ्या बुधवारी शेख सरांच्या समोर उभी राहिली, मला वाटलं जमलं! तर म्हणाली, "सर मला भावासारखे हायत. भावानं बहिणीला सुई टोचायची व्हय?" शेख सरांचे कान लाल झाले आणि त्यांनी सुई खाली ठेवली. मी त्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही कशाला ठेवता?" तर म्हणाले, "मॅडम, बहीण म्हणाली ना."

चौथ्या बुधवारी माझं डोकं फिरलं. सहावा महिना लागला होता. मी सगळ्यांसमोर ओरडले, "स्वतःचं सोड, त्या लेकराचा तरी विचार कर!"

संगी हसली नाही. "त्याचाच करायले," म्हणाली आणि निघून गेली.

कौन्सेलरनं ओरडायचं नसतं. आम्हाला तसं ट्रेनिंग असतं. त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं मुरुम येईपर्यंत माझ्या सासूला शिव्या दिल्या. तिला वाटलं, कारण तेच असणार.

*

आता सासूबाईंचा विषय निघालाच आहे.

पाकीट कसं वापरायचं ते दाखवायला आमच्याकडं एक लाकडी मॉडेल असतं. कशाचं, ते तुम्हाला कळलं. ते माझ्या पिशवीत असतं. घरी आले की पिशवी मी कपाटावर ठेवते. एकदा गडबडीत कॉटवर राहिली.

सकाळी उठले तर पिशवी रिकामी. स्वयंपाकघरात डोकावले, तर सासूबाई चहा घेत बसलेल्या, आणि ओट्यावर मॉडेल, धुऊन पालथं घातलेल्या भांड्यांच्या ओळीत वाळत ठेवलेलं.

सासूबाई बहात्तरच्या. सातवी शिकलेल्या. रोज पेपर वाचतात आणि कुणाचं काही मनावर घेत नाहीत. मला बघून त्यांनी ते जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"लेकरांच्या हाताला लागंल असं टाकू न्हाय."

"हो, आत्याबाई."

मी वळले. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं होतं.

"सरकार देतं व्हय हे?"

"हो."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "सागाचं हाय. आपल्या दाराला मिळंना झालाय साग."

*

तपासणीला आम्हाला एक खोली पाहिजे होती. गावाचं नाव सांगत नाही. समाजमंदिराची खोली रिकामी होती, कुलूप लावलेली. सरपंचांकडं मी चारदा गेले. चारदा चहा मिळाला. चावी मिळाली नाही. "मॅडम, आमचा विरोध नाही. पण तसल्या बायका गावाच्या मधोमध बसल्या तर बरं दिसत नाही."

पुढं त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आणि सरपंचांच्या आई आडून बसल्या. नातीच्या मंगळसूत्राचा पहिला मणी देवीला सोडलेल्या बाईच्याच हातानं ओवायचा. ही आमच्याकडची जुनी रीत. जिचं लग्न देवाशी लागलंय ती कधी विधवा होत नाही, अखंड सवाष्ण. तिचा हात लागला की पोरीचं कुंकू टिकतं. तरुण माणसं आता हे मानत नाहीत. पण सरपंचांच्या आई तरुण नव्हत्या.

सरपंचांची जीप वस्तीवर आली. आक्का हिरवी साडी नेसून, कपाळभर कुंकू लावून गेल्या. मीही गेले बरोबर, मला काय, जेवण होतं. मांडवात पाट मांडला. नवरी समोर बसली. बायका गोळा झाल्या. आक्कांनी काळा मणी चिमटीत धरला, दोरा दुसऱ्या हातात धरला, आणि थांबल्या.

सगळे बघायला लागले. आतून भटजींचा आवाज आला, "आटपा, मुहूर्त जवळ आलाय."

"सरपंच," आक्का म्हणाल्या, "मी मांडवाच्या मधोमध बसलेली बरी दिसायले का?"

सरपंच काय बोलणार! "हो हो, आक्का, म्हणजे काय!"

"मग चावी द्या."

सरपंचांच्या आईनं मुलाकडं अशी नजर टाकली की चावी आणायला ते स्वतः पळाले. तो मणी इतका सरळ बसला म्हणता! बुधवारची खोली आजही आमच्याकडं आहे.

*

संगीला सातवा लागला. आक्का म्हणाल्या, "पोरीला मागं-पुढं कुणी न्हाय. डोहाळजेवण आपण करू. बुधवारी."

"बुधवारीच का?" मी विचारलं.

"तुमाला कळत न्हाय व्हय?" आक्का म्हणाल्या.

मला कळत होतं. पण मी आशा सोडली होती.

घरी सांगितलं, उशीर होईल. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं डोहाळजेवण? मी सांगितलं. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. संगी कोण, काय करते, रक्त तपासू देत नाही, लेकराची मला किती काळजी वाटते, सगळं सांगितलं. सासूबाई उठल्या, ट्रंकेतून हिरवा खण काढला आणि म्हणाल्या, "एस्टी कितीची हाय?"

समाजमंदिरात बायकांनी झेंडूच्या माळा लावल्या होत्या. संगी पाटावर, हिरवी साडी, फुलांची वाडी भरलेली. इतकी देखणी दिसत होती की मला तिच्यावर परत राग आला. शेख सर कोपऱ्यात त्यांची पेटी घेऊन, पाहुण्यासारखे आखडून बसले होते.

सासूबाई मागं जाऊन बसल्या. ओटी भरायची वेळ आली तर आक्का म्हणाल्या, "आज्जी, पैली ओटी तुमची."

"मी कपाळाची पांढरी हाय, बाई. माझा हात नको."

"मी हाय की कायमची सवाष्ण. तुमच्या हाताखाली माझा हात धरते. झालं की!"

आणि दोघींनी मिळून भरली. सासऱ्यांना जाऊन वीस वर्षं झाली. मी ह्या घरात आल्यापासून माझ्या सासूबाईंनी कुणाची ओटी भरलेली मी पाहिली नव्हती. मला बघवेना, मी नारळाच्या शेंड्या मोजत बसले.

पाच जणींनी ओटी भरली. मग आक्कांनी जाहीर केलं, "आता ह्याच पाच जणी बोट देतील. सहावी संगी. एकटीचं न्हाय काढायचं."

संगीचा चेहरा उतरला. ओटीतला नारळ तिनं दोन्ही हातांनी धरला होता. आणि चार महिन्यांत जे मला सांगितलं नव्हतं ते एकदम बोलली.

"माझ्या थोरल्या बहिणीचं रक्त काढलं होतं. आठव्या दिवशी तिचं ताट येगळं केलं. दुसऱ्या कुणी न्हाय, आमच्या आईनं. जर्मनचं ताट, उंबऱ्याच्या भायेर. तिला बोलवायचे न्हाईत, ताट सरकवायचे. ती रोगानं न्हाय गेली मॅडम. ती त्या ताटानं गेली. माझं निघालं तर मला बी तसंच करतील, माझ्या लेकराला बी तसंच करतील. रक्त काढलंच न्हाय तर कोण करतंय?"

मी ट्रेनिंगमध्ये शिकलेली सगळी वाक्यं आठवून बघितली. एकही कामाचं नव्हतं.

मागून सासूबाई म्हणाल्या, "सायेब, माझं काढा आधी."

"आत्याबाई, तुमचं कशाला?"

"पाच जणींत मी हाय न्हवं?"

आता आमचा नियम असा, की समुपदेशन केल्याशिवाय कुणाचीही तपासणी करायची नाही. पडद्यामागं बसवून प्रश्न विचारायचे, फॉर्म भरायचा. कौन्सेलर मी एकटीच. शेख सर नियमाचे पक्के. माझ्याकडं न बघता फॉर्म माझ्याकडं सरकवला.

तर पडद्यामागं मी आणि माझी सासू.

"नाव?"

"तुला म्हाईत न्हाय?"

लिहिलं. वय लिहिलं. मग पुढचा प्रश्न आला. "आत्याबाई, हे सगळ्यांना विचारावंच लागतं. जोडीदार किती?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"एक."

मी 'एक' लिहिलं.

"आता त्यांचे इचार की," म्हणाल्या.

मी मान वर केली.

"तुझे मामंजी बारा वर्सं ट्रकावर व्हते. ह्याच रस्त्याला. रोज भांडले मी, घरी आले की भांडले. पर जे इचारायचं ते कधी इचारलं न्हाय. आता मला बी बघायचंय."

पंधरा वर्षं मी ह्या बाईच्या घरात राहते. दहा हजार तरी भाकऱ्या आम्ही शेजारी बसून केल्या असतील. मी फॉर्मवर पेन टेकवलं आणि पुढं काहीच लिहिलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी बोट पुढं केलं. शेख सरांनी टोचलं. संगी पाटावरून बघत होती.

"आज्जी, दुखलं का?"

"चुलीवर भाकरी करतीस न्हवं? मग काय इचारतीस."

मग आक्का, मग बाकीच्या. पाच झाल्या. कुणी संगीला काही म्हटलं नाही. तिनं नारळ खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि बोट पुढं केलं. शेख सरांनी ह्या वेळी सुई खाली ठेवली नाही.

निकालाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बायकांनी तेवढ्यात पंगतीची तयारी केली. आधी मी सासूबाईंना पडद्यामागं नेलं. सांगितलं, काही निघालं नाही.

"बरं," म्हणाल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "उगंच भांडले मग."

मग संगी. तिला मी खाली बसवलं, हात हातात घेतला आणि सांगितलं. पहिल्या तपासणीत आलंय. उद्या दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करू, मी बरोबर येते. गोळ्या लगेच सुरू होतील. लेकरासाठी अजून वेळ आहे. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही, एरवी माझी वाक्यं पुरी करणारी संगी. डोळे पुसले, सुटलेला गजरा परत खोचला. "चला, पंगत खोळंबली असंल," म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतंच. पण माझं तोंड फार वाईट आहे, सगळं दिसतं त्याच्यावर. पाटासमोर रांगोळी काढून संगीचं ताट मांडलं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, गव्हाची खीर. बायका उभ्याच राहिल्या. संगीही उभीच.

बसल्या होत्या फक्त सासूबाई. संगीच्या पाटाला लागून, मांडी घालून. संगीचं ताट त्यांनी दोघींच्या मधे ओढून घेतलं होतं, पोळी मोडली होती, आणि पहिला घास त्यांच्या तोंडात होता.

"ये, बस," म्हणाल्या. "तूप गार व्हायलंय."

संगी पुढं आली. मग बसली. त्याच ताटात हात घातला. आक्का एकदम मोठ्यानं आमटी वाढणाऱ्या बाईवर ओरडायला लागल्या, आणि पंगत बसली. शेख सरांनाही ताट मिळालं.

तीन-चार घास झाले असतील. तोंडात पोळी असतानाच संगीनं मान वर केली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मॅडम, त्या गोळ्या जेवायच्या आधी घ्यायच्या का नंतर?"

मी तोंड उघडलं.

"नंतर!" सासूबाई म्हणाल्या. "आधी जेव."